वायपरचा एक ओरखडा आणि अख्खी काच: सिंहगड रस्त्यावरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी आठ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. आठ वर्षांत पळाली जेमतेम बेचाळीस हजार किलोमीटर. मालक सत्तरीला टेकलेले, निवृत्त, सिंहगड रस्त्यालगतच्या एका जुन्या सोसायटीत राहणारे. त्यांना इथे काका म्हणतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. मी गाड्यांच्या काचा बसवतो. या प्रकरणात एक चूक माझीही आहे, ती तिच्या जागी सांगेन.

सोसायटीत छपराचं पार्किंग नाही. उड्डाणपुलाच्या कामामुळे त्या रस्त्यावर काही वर्षं सतत धूळ होती. सकाळी पुसलेली गाडी दुपारी पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखी दिसायची. या धुळीत नुसती माती नसते. आपल्याकडे बांधकामाला खडी आणि क्रश सँड येते ती काळा पाषाण फोडून, म्हणजे बेसाल्ट. मोह्सच्या मापपट्टीवर काचेचा कठीणपणा साधारण साडेपाच. बेसाल्टमधलं फेल्डस्पार सहाच्या आसपास आणि नदीच्या वाळूतलं क्वार्ट्झ सात. म्हणजे रोज काचेवर जे बसतं त्यातलं बरंचसं काचेपेक्षा कठीण असतं. नुसतं बसलं तर काही होत नाही. ते दाबून ओढलं की ओरखडा उठतो.

गाडी पुसायला एक मामा येतात. सकाळी सहा ते साडेआठ, बावीस गाड्या, एक बादली, दोन फडकी. पाणी बोअरचं, कमी पडलं तर टँकरचं. पहिल्या चार-पाच गाड्यांना स्वच्छ पाणी मिळतं, नंतरच्यांना गाळ. काकांची गाडी चौदावी-पंधरावी.

आणखी दोन गोष्टी नंतर विचारपूस केल्यावर कळल्या. वायपरचं ब्लेड तीन वर्षांत बदललेलं नव्हतं. आणि काचेवर पाणी मारायची टाकी मागच्या ऑक्टोबरपासून कोरडी होती. काकांचं म्हणणं, पाऊसच नाही तर पाणी कशाला भरायचं?

अडचण सुरू झाली तो दिवस

मे अखेरची संध्याकाळ. काका-काकू लक्ष्मी रस्त्यावरून खरेदी करून परत येत होते. दांडेकर पुलाच्या पुढे आले आणि वळीव सुरू झाला. पहिली पाच मिनिटं नुसते टपोरे थेंब, काच धुवून निघण्याइतकं पाणी नाही. काचेवरची धूळ ओली होऊन चिखल झाला. काकांनी वायपर लावला. काकूंना तेव्हाच 'खर्रर्र' असा आवाज ऐकू आला. "रबर जुनं झालंय, आवाज करणारच," असं म्हणून काकांनी घरापर्यंत वायपर तसाच चालू ठेवला. वीसेक मिनिटं.

वर्षभरातली काचेची सगळ्यात वाईट वीस मिनिटं हीच. जुलैच्या धो धो पावसात वायपर तासभर चालला तरी काच बचावते, कारण खडा आला तरी पाण्याबरोबर वाहून जातो. वळवात तो रबराखाली अडकतो आणि वर-खाली फिरत राहतो.

दुसऱ्या दिवशी रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे काचेवर फुटायला लागले. चालकाच्या नजरेसमोर एक चकचकीत कमान, आणि प्रत्येक दिवा त्या कमानीवरून आडवा पसरायचा. सकाळी उजेडात पाहिलं तर काचभर बारीक रेघा, मधोमध तो ठसठशीत अर्धगोल, वर पांढरे ठिपके.

काकांनी निवाडा केला तो पार्किंगमध्येच. मामांना चार लोकांसमोर सुनावलं, "फडक्यात खडे घेऊन गाडी पुसता काय?" त्या महिन्याचे पाचशे रुपये हातावर ठेवले आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मामा काही बोलले नाहीत. बावीस गाड्यांतली एक गेली.

माझी चूक

त्याच दुपारी काकांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. "अरे, हे जाईल का रे?" मी दुकानात एका गाडीच्या काचेखाली वाकलेलो होतो. फोटोत काच आभाळाच्या पार्श्वभूमीवर होती, रेघा पुसट दिसत होत्या. मी लिहून टाकलं, "जाईल की काका. सेरियमने पॉलिश करून घ्या." सेरियम म्हणजे काचेला झिलई देण्याची पूड.

ओरखड्याची खोली फोटोत दिसत नाही. ती नखाला कळते. नख रेघेवर आडवं फिरवायचं. अडकलं नाही तर पॉलिशने बात बनू शकते, अडकलं तर त्या रेघेचा नाद सोडायचा. एवढी एक ओळ मी लिहिली असती किंवा गाडी घेऊन या म्हटलं असतं, तर हे प्रकरण इथे लिहायची वेळ आली नसती.

काका मात्र कामाला लागले. आधी घरातली टूथपेस्ट. अर्धी ट्यूब काचेवर गेली. टूथपेस्टमधले कण काचेला काही करण्याइतके कठीण नसतात. काच स्वच्छ होते, पेस्ट रेघेत भरून बसते आणि दिवसभर वाटतं की फरक पडला. एका धुण्यात ती निघून जाते. मग भाच्याने रंगावर मारायचं रबिंग कंपाउंड आणलं. ते गाडीच्या रंगासाठी केलेलं असतं, काच त्याला दाद देत नाही. त्यात दोन दिवस गेले. नुकसान झालं नाही, एवढंच.

तिसऱ्या दिवशी ते जवळच्या एका डिटेलिंगवाल्याकडे गेले. तिथल्या पोराने आधी म्हणे सांगितलं होतं, "बारीक रेघा जातील, ही मोठी कमी होईल, पूर्ण जाणार नाही." काकांनी उत्तर दिलं, "पूर्ण घालवायची. पैसे देतोय ना?" ठरले अडीच हजार. दोन तास मशीन चाललं, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ चालकासमोरच्या वीतभर जागेवर.

संध्याकाळी काका घरी आले ते खुशीत. तेवढ्या टप्प्यात कमान जवळजवळ गेली होती. रात्री काकू शेजारी बसल्या नव्हत्या, चालवायला बसल्या. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "मला गरगरतंय. दिव्याचा खांब मधेच वाकतो."

काच पाहिल्यावर

आता गाडी माझ्या दुकानी आली. इथला भाग जरा सविस्तर सांगतो, कारण हे घरीसुद्धा करून पाहता येतं.

काच आधी भरपूर पाण्याने धुतली, मग सुकवली. शटर अर्धं ओढून घेतलं आणि टॉर्च काचेला जवळजवळ चिकटवून तिरपा धरला. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही, तिरप्या उजेडात प्रत्येक रेघ बोलायला लागते. एका काचेवर तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

पहिली, पांढरे ठिपके. हे ओरखडे नव्हतेच. बोअरच्या जड पाण्याचे थेंब उन्हात वाळले की त्यातला क्षार काचेवर राहतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून फडकं भिजवलं, पाच मिनिटं काचेवर ठेवलं. बहुतेक डाग विरघळून गेले. काकांना नको असलेल्या गोष्टींतला तिसरा हिस्सा तिथेच संपला, दहा रुपयांत.

दुसरी, केसासारख्या बारीक उभ्या-आडव्या रेघा, काचभर पसरलेल्या, कुठेही नखाला न लागणाऱ्या. या हात फिरवून पुसल्याच्या. यात मामांचं फडकं होतं, पण आठ वर्षांतली सगळीच फडकी होती, काकांच्या स्वतःच्या पिवळ्या फडक्यासकट. रात्री यांचा त्रास थोडा होतो, फार नाही.

तिसरी, ती कमान. काका म्हणाले, "हीच बघ, मामांची कृपा." मी सुतळी घेतली. एक टोक वायपरच्या दांड्याच्या बुडाशी, जिथे तो फिरतो त्या खुंटीवर धरलं, दुसरं टोक कमानीवर ठेवलं आणि ताणलेली सुतळी या बाजूपासून त्या बाजूपर्यंत फिरवली. टोक रेघेवरून केसभरही हललं नाही. मग वायपरचं पातं उलटं करून दाखवलं. चालकाकडच्या पात्याचं रबर टोकापासून तीन इंच फाटून लोंबत होतं आणि त्याच्या आतली पत्र्याची पट्टी उघडी पडली होती. पट्टीची कड घासून आरशासारखी चमकत होती. सुतळीवर तेच अंतर मोजलं. तंतोतंत.

माणसाच्या हाताने इतका गोल ओरखडा उठत नाही. काका बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चहा मागव."

उरलं पॉलिश केलेलं ठिकाण. दुकानासमोरच्या इमारतीच्या गॅलरीला उभे गज आहेत. काकांना सीटवर बसवून त्या गजांकडे बघत मान हळूहळू हलवायला सांगितली. बाकी काचेतून गज सरळ. वीतभर टप्प्यात आले की पाण्यात बघितल्यासारखे लचकायचे.

असं का होतं, ते लोकांना बहुतेक सांगितलंच जात नाही. ओरखडा पुसला जात नाही. तो खड्डा असतो. तो नाहीसा करायचा तर आजूबाजूची काच खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणावी लागते. सेरियम ऑक्साइड हे काम छान करतं. चष्म्याच्या भिंगांना झिलई देतात तीच पूड. पाण्याबरोबर ती काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रियाही करते, म्हणून नुसत्या घासण्यापेक्षा गुळगुळीत झिलई येते. पण रेघ खोल असली आणि एकाच जागी दाबून बसलं, की तिथे उथळ बशी तयार होते. बशीसारखी काच म्हणजे भिंगच. रेघ गेली, भिंग आलं. आणि रेघेपलीकडचं डोळ्याला दिसत राहतं, भिंगापलीकडचं सरळ दिसत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. चालकासमोर नसती ती जागा तर मी हाच सांगितला असता. शेजारच्या सीटपुढच्या खोल रेघेला कोणी हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण इथे भिंग बरोबर नजरेच्या रेषेत होतं, आणि दोघेही सत्तरीच्या आसपासचे, रात्री साताऱ्याला ये-जा करणारे.

दुसरा, पॉलिश आणखी पसरवायचं, म्हणजे बशीची कड सौम्य होईल. तत्त्वतः होतं. पण हाताने चालवलेल्या मशीनने एवढ्या मोठ्या वक्र काचेवर ते एकसारखं साधणं माझ्या आवाक्यातलं नाही, आणि साधतं म्हणणाऱ्यांची कामं मी पाहिली आहेत.

भाच्याने तिसरं विचारलं, दगड लागून चीर पडते तेव्हा तिच्यात रेझिन भरतात, तसं यात भरता येणार नाही का? नाही. दगड लागून पडलेल्या चिरेत काचेच्या आत पोकळी असते, हवा खेचून तिच्यात रेझिन उतरवतात आणि ते आत कोंडून राहतं. ओरखडा वरून उघडा चर असतो. त्यात भरलेलं वायपर खरवडून काढतो.

चौथा, काच बदलणं. आणि त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न, विमा.

काकांची पॉलिसी सर्वसमावेशक होती. काचेच्या सुट्या भागावर विमा घसारा कापत नाही, आणि पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे मालकाने स्वतः भरायची रक्कम, हजार रुपये. माझा काचेचा अंदाज बसवण्यासकट सात हजार चारशे होता, म्हणजे दावा मंजूर झाला तर हातात सहा हजार चारशे. पण काकांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, पन्नास टक्क्यांवर होता आणि दावा केला की तो शून्यावर येतो. पुन्हा दरवर्षी एक पायरी, वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस असं चढत पन्नासला पोचायचं. या पायऱ्यांत मिळून गमावलेली सवलत होते स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरायच्या एका वर्षाच्या हप्त्याच्या सव्वापट. काकांचा तो हप्ता सवलतीआधी साधारण चार हजार, म्हणजे पाच हजार गेले. फायदा उरतो चौदाशे. शिवाय झीज विम्यात बसत नाही. वायपरने हळूहळू पडलेला ओरखडा आणि स्वतः करून घेतलेलं पॉलिश अपघात म्हणून दाखवणार कसं?

यावर तिथे उभ्या एका गिऱ्हाइकाने सल्ला दिला, "हातोडीचा एक ठोका मारा नि दगड लागला म्हणून सांगा." असं करणारे आहेत. मी काकांना सांगितलं, ते माझ्या दुकानात होणार नाही. काकांनीही मान हलवली. चौदाशे रुपयांसाठी खोटी सही करायचा त्यांचा स्वभाव नाही.

काय केलं

काच बदलायची ठरली. दोन काचा समोर ठेवल्या. एक बावीसशे रुपयांनी स्वस्त. दोन्हींच्या कोपऱ्यावरची छपाई काकांना वाचायला लावली. पुढची काच लॅमिनेटेडच असावी लागते, दोन पातळ काचांमध्ये पीव्हीबी या प्लॅस्टिकचा चिवट पडदा, म्हणजे फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. कोपऱ्यात तसं लिहिलेलं असतं आणि आयएस २५५३ या मानकाचा शिक्का असतो. स्वस्त काचेवर शिक्का होता, पण तिच्यातून समोरचे गज पाहिले तर खालच्या कडेला किंचित लचकत होते. एक भिंग काढून दुसरं बसवण्यात अर्थ नव्हता. महागडी घेतली.

जुनी काच वायर मारून काढली. चौकटीवर खालच्या कडेला नखाएवढा गंज निघाला, तो घासून प्रायमर लावला. सिलंटची सलग रेघ, दोघांनी व्हॅक्यूमचे कप लावून काच अलगद बसवली, वरून टेप. हे युरेथेन सिलंट हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, त्यामुळे पावसाळी हवा त्याला मानवते. पण लावताना पृष्ठभाग कोरडा ठणठणीत हवा. बाहेर झड लागली होती, म्हणून गाडी आतच ठेवली, रात्रभर. काकांना दोन सूचना दिल्या: दोन दिवस दार आपटायचं नाही, आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची, म्हणजे दार लावताना आतल्या हवेचा दाब ओल्या सिलंटवर येणार नाही.

काच उतरवण्याआधी एक गोष्ट करायची राहून गेली. फास्टॅग जुन्या काचेवर. तो काढला की फाटतो, तसाच बनवलेला असतो. एका गाडीचा टॅग दुसरीवर वापरता येऊ नये म्हणून. नवा टॅग बँकेकडून यायला चार दिवस लागले, आणि मधल्या रविवारी काका साताऱ्याला निघाले. खेड-शिवापूरच्या नाक्यावर टॅगशिवाय रोखीने दुप्पट टोल भरला, जाताना आणि येताना. त्याचा फोन मला नाक्यावरूनच आला. नव्या नंबरप्लेटबरोबर मिळालेलं काचेवरचं स्टिकरही असंच जुन्या काचेबरोबर गेलं. टॅग आणि स्टिकर काच मागवतानाच मागवायला सांगायचे, हे तेव्हापासून माझ्या पावतीच्या पाठीमागे छापलं आहे.

दोन्ही वायपर नवे लावले. ब्लेड बदलताना दांडा उभा असतो, त्याखाली काचेवर घडी घातलेलं फडकं ठेवायचं. स्प्रिंगचा नागडा दांडा सुटून आपटला तर नवी काच तिथल्या तिथे तडकते. पाण्याची टाकी भरली. जेटचं एक भोक क्षाराने बुजलं होतं, टाचणीने मोकळं केलं.

निष्पत्ती

काच नितळ. खांब सरळ. काकूंचं गरगरणं थांबलं. एकूण खर्च: काच सात हजार चारशे, वायपर सातशे, वाया गेलेलं पॉलिश अडीच हजार, टूथपेस्ट, कंपाउंड आणि टोलचा भुर्दंड वेगळा. सुरुवातीलाच बारीक रेघांवर हलकं पॉलिश, कमानीला हात नाही आणि नवे वायपर, एवढंच केलं असतं तर तीन हजारांच्या आत भागलं असतं. कमान राहिली असती. काका तिच्यासकट गाडी चालवू शकले असते का? रात्रीच्या प्रवासाचं पाहता मला अजून खात्री नाही. कदाचित काच तरीही बदलावी लागली असती, पण ते निवांत ठरवता आलं असतं.

मामांचं प्रकरण पैशात बसत नाही. काका दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खाली उतरले आणि बादलीशेजारी उभे राहून म्हणाले, "मामा, माझं चुकलं. वायपरचा दोष होता." मामा म्हणाले, "मला ठाऊक होतं साहेब. रबर लोंबतंय, हे मी दिवाळीत सांगितलं होतं." काकांना ते आठवेना. काकूंना आठवलं.

पुन्हा वेळ आली तर

माझ्यापुरतं सांगायचं, तर फोटोवरून मी आता कोणालाच 'जाईल' म्हणत नाही. नखाची परीक्षा करा आणि टॉर्च तिरपा धरून पुन्हा फोटो पाठवा, असं सांगतो. नख अडकतं म्हणाले तर पॉलिशचं नाव काढत नाही. डिटेलिंगवाल्या पोराला मी दोष देत नाही. त्याने खरं सांगितलं होतं, फक्त गिऱ्हाइकाने आग्रह धरल्यावर मशीन खाली ठेवायचं त्याला जमलं नाही. पॉलिश करताना काच सतत ओली, पॅड सतत सरकता आणि हाताला चटका लागण्याआधी थांबायचं. आणि दर दहा मिनिटांनी आत बसून एखाद्या सरळ रेषेकडे बघायचं. दुसऱ्या दहा मिनिटांना कोणी आत बसून पाहिलं असतं तर काम तिथेच थांबलं असतं.

काकांच्या बाजूने खरा निर्णय मे महिन्यातच घ्यायला हवा होता. मृगाच्या आधी वायपरचं रबर बोटाने चाचपून बघायचं: कडक, चिरलेलं किंवा टोकाला सुटलेलं असेल तर बदलायचं. उन्हाने ते वाळतंच, वापरलं नाही तरी. वळवाच्या पहिल्या थेंबांना वायपरचा खटका ओढण्याआधी जेटने पाणी मारायचं. टाकीत साधं पाणी आणि थोडा गाडीचा शॅम्पू पुरतो, कपड्यांची पावडर नको. ती नीट विरघळत नाही, कण राहतात. आणि 'खर्रर्र' ऐकू आलं तर गाडी बाजूला घेऊन पातं उचलून बघायचं. काकूंनी ऐकलं होतं, काकांनी ऐकून घेतलं नाही.

पुसण्याच्या पद्धतीत काका आणि मामांनी मिळून बदल केला, आणि मला तो पटला. काचेला आता कोरडं फडकं लागत नाही. आधी वरून दोन मग पाणी, धूळ आपोआप वाहू द्यायची, मग काकांनी दिलेलं मायक्रोफायबरचं फडकं, फक्त काचेसाठी राखलेलं, सरळ वरून खाली. वायपरची रबरं आठवड्यातून एकदा ओल्या कपड्याने. मामांना महिन्याला शंभर रुपये वाढवून मिळतात आणि काकांची गाडी आता दुसऱ्या नंबरवर आहे, स्वच्छ पाण्याच्या बादलीची. काकांनी काचेच्या आतून एक चिठ्ठीही लावली होती: 'कोरडे फडके लावू नये. पाणी मुबलक आहे, काच एकच आहे.' सोसायटीत पाणी मुबलक नाही, यावरून सेक्रेटरींशी वाद झाला. चिठ्ठी निघाली, पद्धत राहिली.

जानेवारीत गाडी पुन्हा दुकानी आली होती, हवा भरता भरता सहज. काच उत्तम. फक्त डाव्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने, दोन इंचांची एक रेघ. सोसायटीच्या नव्या पार्किंग स्टिकरला वॉचमनने वाकडं चिकटवलं होतं आणि काकांनी ते दाढीच्या ब्लेडने, कोरडंच, खरवडून काढलं. पाणी लावून प्लॅस्टिकच्या पट्टीने काढायचं, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. नख फिरवून पाहिलं, अडकत नव्हतं.

"पॉलिश करू का?" मी विचारलं.

"हात लावू नकोस," काका म्हणाले. "आणि हे मामांनी केलेलं नाही, लिहून ठेव."